धुक्याला बर्फ म्हणणारे

ह्या वर्षी किंक्रांतीच्या दिवशी, दुपारच्या जेवणाआधी, बेळगावातल्या एका सभागृहात माझ्या वहिनीवर अन्याय झाला. तिनं काढलेलं नदीचं चित्र भिंतीवरून उतरवलं आणि कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून ठेवलं. कारण एका शब्दात दिलं: नक्कल. मी तिथं होतो. माझ्यासारखे बरेच होते. चहा चालू होता. कोणी कप खाली ठेवला नाही.

पत्रकाला एवढं पुरतं. अन्याय कुणावर, कधी, कुठं, खाली मागण्या, त्याच्या खाली "जाहीर निषेध". सीमाभागात मी असली पत्रकं लिहीत आलोय, झोपेतसुद्धा लिहीन. पण वहिनीचं प्रकरण पत्रकात बसलं नाही. का बसलं नाही ते सांगायला जरा लांबून यावं लागतं.

माझी वहिनी वडगावात आमच्या घरी साड्यांचे नक्षे काढते. काढते म्हणजे उतरवते. व्यापारी मोबाइलवर फोटो टाकतो, तो दुसऱ्या कुठल्या तरी गावच्या, दुसऱ्याच कुणी विणलेल्या साडीचा असतो. वहिनी तो बोटांनी मोठा करून बघते आणि चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन भरत जाते. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात, पट्ट्या मागावर चढतात, आणि परक्या गावचा मोर आमच्या दादाच्या मागावर पिसारा काढतो. व्यापाऱ्याची अट ठरलेली. "हुबेहूब पायजे, वैनी. डोकं चालवायचं न्हाय."

एकदा तिनं मोराची मान जराशी वळवली होती. व्यापारी घरी येऊन बसला. "मोराला काय झालंय गं? मान अवघडल्यासारखी दिसतीया."

"मागं वळून बघतोय तो," वहिनी म्हणाली.

"गिऱ्हाईक पुढं हाय. त्याला पुढं बघायला लाव."

मोर पुढं बघू लागला. वहिनी लग्नाआधी चिकोडीत चित्रकला शिकलेली. शाळेत चित्रकलेच्या बाई व्हायचं होतं, पण जागा निघाली नाही. मग नक्कल हाच धंदा झाला, आणि त्यात तिचा हात बसला. आमच्या गल्लीत सगळे तिच्याचकडं येतात. आमचे माग दिवसभर खटखटतात. वीज गेली की घर एकदम गप्प होतं. तेवढ्यात वहिनी रद्दी कागदावर स्वतःचं काहीतरी काढत बसायची आणि वीज आली की कागद पाटाखाली सारायची. काय काढलंय म्हणून आमच्या घरात कधी कोणी विचारलं नाही. मीही नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर आईच्या दाढेचं दुखणं निघालं. टिळकवाडीतल्या एका दाताच्या डॉक्टरांकडं तिला घेऊन मी आणि वहिनी जायचो. तिथं बाहेर बसायच्या खोलीत भिंतीवर एक छापील चित्र होतं, काचेच्या चौकटीत. कुठल्या तरी जुन्या फ्रेंच चित्रकाराचं, हिवाळ्यातल्या नदीचं. रुंद नदी, काठावर काटक्यांसारखी झाडं, पाण्यावर फिकट तुकडे तरंगताहेत, लांबवर गाव म्हणावं असा जांभळट डाग आणि वर नारिंगी टिकलीएवढा सूर्य. मी तिथं बसून मोबाइल बघायचो. दाताच्या डॉक्टराकडं चित्र बघायला कोण जातं?

वहिनी उठून चित्राजवळ गेली. मग इतकी जवळ गेली की तिच्या श्वासानं काच धुरकटली.

"भावजी, हिकडं या. धुकं बघा किती झ्याक काढलंय."

मी गेलो. मला जवळून नुसते फराटे दिसले.

"ह्यात पांढरा रंग कुठंच न्हाय," ती म्हणाली. "निळा हाय, गुलाबी हाय, हिरवट हाय. आणि लांब गेलं की पांढरं दिसतंय. आमच्या दूधगंगेवर पौषात अस्संच असतंय."

"बाई, काचेला हात लावू नका," टेबलामागची मुलगी म्हणाली.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. त्यांनी ऐकलं असावं. हसून म्हणाले, "अहो, ते धुकं नाही. बर्फ आहे. नदी गोठलीय आणि तो बर्फ फुटून वाहतोय."

वहिनी लाजेल असं मला वाटलं. ती परत चित्राकडं वळली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "असंल. मला धुकंच दिसलं." मग परवानगी घेऊन तिनं मोबाइलवर चित्राचा फोटो काढला. आईची दाढ उपटून झाली तरी ती तिथंच उभी. रिक्षात आई तोंडात कापूस धरून बोटानं विचारत होती, हिला काय झालंय?

वहिनीचं माहेर कोगनोळीच्या अलीकडं, दूधगंगेच्या काठी. पौषात ती चार दिवस माहेरी गेली, आणि एका पहाटे तिनं मला बोलावून घेतलं. सामान न्यायला माणूस पाहिजे म्हणाली. खडेबाजारातून आणलेले रंग, एक पांढरा पुठ्ठा आणि चित्र टेकवायला घोडी म्हणून तिच्या भावाची शिडी. मी मोटारसायकलवर निघालो तेव्हा महामार्गावर पुढची गाडी दिसत नव्हती. गारठ्यानं बोटं वळेनात. मनात शिव्या देतच पोचलो.

ती बंधाऱ्यापाशी उभी होती, शालीवरून भावाचा कोट घालून. नदी दिसत नव्हती. जिथं नदी असायला पाहिजे तिथून वाफ उठत होती, आणि त्या वाफेत पलीकडची झाडं कोणीतरी अर्धी पुसल्यासारखी.

"आता दाखवा बघू तुमची सीमा, भावजी," ती म्हणाली. "एवढं भांडताय. कुठनं कुठवर हाय?"

मी तिच्या किटलीतून चहा घेतला.

तिनं शिडीला पुठ्ठा टेकवला आणि काढायला लागली. घरी एकेक चौकोन भरणारी बाई ती, जीभ दातात धरून. इथं तिचा हात थांबतच नव्हता. निळा, जांभळा, मग मातकट गुलाबी, बोटानंच पसरायची. धुकं थांबत नाही, म्हणाली, आपणच पळायचं. पुलावरून उसाचे ट्रॅक्टर जात होते, दोन-दोन ट्रॉल्या, टेपवर गाणी लावून. गाणं आधी यायचं, मग दिव्याचा नारिंगी गोळा, मग तोही जायचा. तिनं तो गोळा पकडला. एकच ठिपका, अंगठ्यानं दाबून.

म्हशी घेऊन एक म्हातारी मावशी आली. थांबली. "काय काढतीस गं?"

"नदी काढतो, मावशी." आमच्याकडं बायकाही 'काढतो, येतो, जातो'च म्हणतात.

मावशीनं पुठ्ठा बघितला, नदीच्या दिशेला बघितलं. "काय दिसंना की गं ह्यात."

"तिथं तरी काय दिसतंय?"

"ते बी खरंच." मावशीनं म्हशीच्या पाठीवर काठी टेकवली. "मग बरोबर काढलायस."

ऊन आलं तसं धुकं विरलं आणि खाली रोजची नदी निघाली. धुणी, प्लास्टिक, बंधाऱ्याला अडकलेली जलपर्णी. वहिनीनं ब्रश पुसला. पुन्हा एक फराटाही मारला नाही. परतताना मागं बसून ती पुठ्ठा दोन्ही हातांनी धरून होती, वारा लागू नये म्हणून अंगाशी आडवा. वाटेत म्हणाली, "भावजी, आज पैल्यांदा कुणी फोटो पाठवला नव्हता." मी हूं म्हणालो. थंडीनं कान गेले होते.

संक्रांतीच्या सुमाराला बेळगावात हौशी चित्रकारांचं एक प्रदर्शन भरतं. अट एवढीच असते, की चित्र स्वतःचं पाहिजे, कशाची नक्कल नको. निवडलेल्यांना त्याच सभागृहात रविवारी चित्रकलेचा वर्ग चालवायला देतात. वहिनीला तो वर्ग पाहिजे होता. तिनं तसं बोलून दाखवलं नाही, पण दादाला म्हणाली होती, "रविवारी माग बंदच असत्यात, न्हाय का?" दादा म्हणाला, "व्हय, बंदच असत्यात." आमच्या घरात परवानगी अशी मागतात आणि अशी देतात.

किंक्रांतीला परीक्षक फिरत होते. दोघं. एक वयस्कर कानडी चित्रकार, खांद्यावर शबनम, फार न बोलणारे. दुसरे टिळकवाडीतले एक निवृत्त प्राध्यापक, आपलेच, मराठी, बोलायला लागले की निम्मं इंग्रजी. वहिनीच्या चित्रापुढं कानडी चित्रकार थांबले. पुढं गेले, मागं आले. मग तिच्याकडं वळून मऊ आवाजात विचारलं, "इदु मंजु एनरी?" हे मंजु आहे का?

सीमाभागातला माणूस समोरच्याच्या भाषेत उत्तर देतो. बाजारात, कचेरीत, बसमध्ये, सवयच आहे. वहिनी घाबरलेली होती, पण चेहरा उजळला, कारण कोणीतरी ओळखलं होतं. धुक्याला कानडीत मंजु म्हणतात हे तिला लहानपणापासून माहीत. ती होकार देत म्हणाली, "हौद्री, मंजु."

प्राध्यापक लगेच पुढं झाले. "म्हणजे स्नो. स्वतःच कबूल करताहेत. बाई, तुम्ही बर्फ कुठं पाहिलात?"

"बर्फ न्हाय सर. धुकं हाय."

"आत्ताच तर मंजु म्हणालात. मंजु म्हणजे हिम. मलाही येतं थोडं कानडी."

कानडी चित्रकार हसले आणि मोडक्या मराठीत म्हणाले, "सर, मंजु म्हंजे ते बी, हे बी. धुकं बी मंजु, बर्फ बी मंजु."

ते खरंच आहे. कानडीत एकाच शब्दात दोन्ही राहतात. प्रश्न तिथं मिटायला हरकत नव्हती. पण प्राध्यापकांनी चित्रातल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "आणि हा सूर्य? नारिंगी, धुरकट, खाली आलेला. हा मी पॅरिसला म्युझियममध्ये पाहिलाय. तुम्हाला कुठं मिळाला?"

"तो सूर्य न्हाय, सर," वहिनी म्हणाली. "ट्रॅक्टर हाय."

लोक हसले. वाईट मनानं नसेल, पण हसले. मागून कोणीतरी म्हणालं, "उसाचा का, बाई?" पुन्हा हसू आलं. वहिनी खरं तेच सांगत होती आणि प्रत्येक खरं वाक्य तिला आणखी खाली ओढत होतं.

मग प्राध्यापकांनी सरळच विचारलं. "असं एखादं चित्र तुम्ही आधी पाहिलं होतं का?"

दुसरी कोणी 'नाही' म्हणून मोकळी झाली असती. वहिनीनं मोबाइल काढला. "व्हय. दाताच्या डॉक्टरांकडं." आणि फोटो दाखवला.

"तुम्ही काय काम करता?"

"साड्यांचे नक्षे उतरवतो, सर."

"उतरवता."

"व्हय."

झालं. ते रागावलेसुद्धा नाहीत. संयोजकांना म्हणाले, "अट आहे ना आपली? मग संशयाला जागा नको." कानडी चित्रकार मान हलवत राहिले, "नग, सर, नग," म्हणत राहिले. संयोजकाला जेवणाआधी काम उरकायचं होतं. चित्र उतरलं. वहिनीनं विचारलं, "मी न्हेऊ का?" तर, "संध्याकाळी, प्रदर्शन बंद झाल्यावर." म्हणून ती संध्याकाळपर्यंत त्या सभागृहात, तोंड फिरवलेल्या चित्राशेजारी खुर्चीवर बसून राहिली. मी म्हटलं घरी चल. ती म्हणाली, "कोण पाय लावंल."

मी तिथनं तडक सीमालढ्याच्या आमच्या कार्यालयात गेलो. दुकानावरची एक खोली, भिंतीला जुनी पत्रकं. आमचे ज्येष्ठ कार्यकर्ते बसले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. लाठ्या खाल्लेला माणूस. मी घडलेलं सांगितलं. त्यांनी मध्येच हात वर केला.

"कानडी परीक्षकानं मराठी बाईचा अपमान केला. बरोबर? लिही. उद्या छापू."

"कानडी परीक्षक तिच्या बाजूनं होता, अण्णा. चित्र उतरवलं ते आपल्या माणसानं."

अण्णांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "कानडी माणूस काहीच बोलला न्हाय?"

"बोलला. नको, नको म्हणाला."

"आणि ही कानडीत का बोलली?"

"त्यानं कानडीत विचारलं म्हणून."

"मग ह्यात आपला विषय काय हाय रं, पोरा?"

ह्या माणसाबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. म्हणून सांगतो, त्या प्रश्नानं जेवढा थकवा आला तेवढा पोलिसांच्या गाडीत दिवसभर बसूनही आला नव्हता. कारण त्यांचं चुकत नव्हतं. आमच्या पत्रकाला दोन बाजू लागतात. ह्या गोष्टीत होती एक बाई, एक नदी आणि एक सुशिक्षित गृहस्थ, ज्यांना फ्रान्सची थंडी ठाऊक होती आणि दूधगंगेची नव्हती. आमच्या घोषणांत ह्यातलं काहीच बसत नाही.

रथसप्तमीच्या आत मी त्या प्राध्यापकांच्या घरी गेलो. भांडायलाच गेलो होतो. त्यांनी दार उघडून हातावर तिळगूळ ठेवला. आता तिळगूळ चघळत कोणाशी भांडणार? बसलो. म्हटलं, सर, पहाटे गाडी काढू, कोगनोळीच्या अलीकडं जाऊ, तासाभराचा रस्ता आहे, तुम्हाला धुकं दाखवतो. ते म्हणाले, "पहाटे मला दमा होतो रे." मग म्हणाले, "तिचा हात चांगला आहे. मी वाईट म्हणालोच नाही. पण त्या फ्रेंच माणसाशिवाय तिला तसं दिसलं असतं का? तूच सांग."

मी सांगितलं, "तिला फ्रेंच चित्रात आधी धुकं दिसलं, सर. बर्फ तर तिला डॉक्टरांनी सांगितलं."

त्यांनी तिळगुळाची वाटी खाली ठेवली. मला वाटलं, पोचलं. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी काढायला सांग. मोर, फुलं. हातखंडा आहे ना तिचा."

आता होळी आलीय. धुकं संपलं, नदीचं पाणी खाली गेलंय. वहिनी नक्षे उतरवते आहे. ते चित्र व्यापाऱ्यानं आमच्या घरी बघितलं, त्याला आवडलं. म्हणाला, "वैनी, हे पदरावर घेऊ या. फकस्त मधी दोन राजहंस टाक, मोकळं मोकळं वाटतंय." वहिनीनं चित्र कपाटामागं ठेवलं. वीज जाते तेव्हा ती आता हातावर हात ठेवून बसते. पाटाखाली सारायला काही नसतं.

परवा मीच ते बाहेर काढलं. म्हटलं, उजेडात बघू. ओसरीवर ठेवलं. ती पीठ मळता मळता आली, हात तसेच भरलेले, लांबूनच बघत राहिली.

"खरं सांगू, भावजी? मलाच आता ह्यात बर्फ दिसाय लागलंय."

चित्र उतरवलं त्यापेक्षा हे मला जड गेलं. भिंतीवरची जागा परत मिळवता येते, तक्रार करता येते, वर्षाचं प्रदर्शन पुढच्या वर्षी पुन्हा भरतं. पण बाईनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली नदी तिच्या डोळ्यांतून काढून घेतली, त्याची तक्रार कोणत्या कचेरीत द्यायची? मी तिला सांगून काही होत नाही. मी दीर पडलो. मी चांगलंच म्हणणार, ते तिला माहीत आहे. दादा म्हणतो, "चांगलंय की." तो मागाकडं बघतच म्हणतो.

म्हणून हे तुम्हाला लिहितोय. किंक्रांतीला त्या सभागृहात तुमच्यापैकी कोणी होतं, तर त्यांना तो ट्रॅक्टरचा विनोद आठवत असेल. नव्हता, तरी ह्या भागात पौषाच्या पहाटे तुम्ही कधी ना कधी गाडीवर, बसमध्ये, शेताच्या बांधावर असालच. तज्ज्ञ व्हायची गरज नाही. निवेदन नको, सही नको, माझ्या पाठीवर थाप तर नकोच. वडगावात या, दिवसा, उजेड असताना. वैनीचं घर म्हणून कोणालाही विचारा. तिला चित्र बाहेर काढायला सांगा, पुरेसं लांब उभं राहा, आणि ते कशावरून काढलंय हे न विचारता, तुम्हाला त्यात काय दिसतंय ते तिच्या तोंडावर सांगा.